मथुरेच्या बाजाराला, व्हाया वाघोली

तुमच्या प्लेलिस्टमध्ये शहरांवरची गाणी किती आहेत, जरा बघा बरं. मुंबईवरची दोन-चार तरी निघतीलच. १९५६ च्या 'सीआयडी' सिनेमातलं, मुंबईत जगणं किती अवघड आहे ते हसत हसत सांगणारं गाणं तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. ते लिहिलं मजरूह सुलतानपुरी यांनी. नावातच गाव आहे बघा. मुंबईची ओळख होऊन बसलेलं गाणं मुंबईबाहेरून आलेल्या माणसाचं आहे.

हा एकच किस्सा असता तर योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण आपल्याकडची शहरांवरची लावणी, छक्कड, वग, नाटक असं सगळं चाळायला घ्या. पुन्हा पुन्हा तेच दिसतं. महानगराचं गाणं लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पिशवी घेऊन गाडीतून (किंवा पायी) तिथे पोचलेला असतो. त्याला रस्ता माहीत नसतो, भाडं परवडत नसतं आणि गावाकडे कोणीतरी वाट बघत असतं. म्हणूनच हा विषय हिंगोलीच्या पोरांसाठी आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत कुठलेही असा, तुमच्यापैकी निम्मेजण पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्याला, मुंबईला नाहीतर हैदराबादला निघणार आहात. काहीजण तर हे तिथल्या रूमवर बसूनच वाचत असाल.

सुरुवात वाळवा तालुक्यापासून करू. हा तालुका आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या रेठरे हरणाक्ष गावात १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा मुलगा जन्मला. घरी कुलकर्णीपण, जात ब्राह्मण. या पोराला नाद लागला तमाशाचा. त्या काळात हे किती भयंकर समजलं जायचं याचा अंदाज आज येणार नाही. त्याने घर, जात, मान सगळं मागे टाकलं, पवळाबाईंच्या साथीने फड उभा केला आणि तो झाला पठ्ठे बापूराव. त्यांनी मुंबईवर लावणी रचली. तिच्यात त्यांनी या शहराला उपमा दिली ती रावणाच्या लंकेची. विचार करा, सोन्याची नगरी म्हणून कौतुकही झालं आणि रावणाची म्हणून भीतीही घातली. पहिल्यांदा शहरात उतरलेल्या माणसाच्या मनात नेमकं हेच असतं की नाही? डोळे दिपलेले असतात आणि हात मात्र खिशातल्या पाकिटावर घट्ट असतो.

त्या मुंबईत तमाशाला प्रेक्षक कोण होता? गिरणीत, गोदीत, मार्केटात राबणारा गावाकडचा माणूस. ग्रँट रोडजवळच्या नाटकगृहांच्या भागाला लोक 'पिला हाऊस' म्हणत. मूळ शब्द प्लेहाऊस, पण जिभेने त्याचं आपलं करून टाकलं. पुढे लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये नावाजलेले फड लागायचे आणि पाळी संपवून कामगार ढोलकी ऐकायला बसायचा. त्याच मुंबई-पुण्यात मोठ्या नाटकगृहांमध्ये संगीत नाटकंही जोरात होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्या पदांवर लुब्ध होते. पण एक गंमत आहे. प्रेक्षक पुण्यात बसलेला आणि रंगमंचावर कण्वमुनींचा आश्रम! संगीत नाटकांत गळे एकापेक्षा एक होते, त्याबद्दल वादच नाही. पण ज्या शहराने त्यांना तिकिटं काढून जगवलं, त्या शहराचा रस्ता, घाम, भाडं यांना त्या पदांमध्ये फारशी जागा मिळाली नाही. ते काम तमाशाने केलं.

मलबार हिल आणि परळ

आता पुन्हा वाळवा तालुका, दुसरं गाव. वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० ला इथे तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. आपण त्यांना अण्णाभाऊ म्हणतो. मातंग समाजातलं गरीब घर, शाळा दीड दिवसाची. १९३०च्या पुढे-मागे हे कुटुंब मुंबईला निघालं तेव्हा एसटीही नव्हती आणि रेल्वेच्या तिकिटाला पैसेही नव्हते. पायी निघाले. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत पोचले. पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत हा मुलगा अक्षरं शिकला असं सांगतात. मुंबईत त्याने पडेल ते काम केलं, गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिला, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत संसार केला.

या माणसानेही मुंबईची लावणी लिहिली. बापूरावांच्या लावणीला दिलेलं उत्तर म्हणूनच ती ओळखली जाते. अण्णाभाऊंच्या लावणीत एकीकडे मलबार हिल आहे, इंद्राच्या नगरीसारखा, आणि दुसरीकडे परळ, जिथे रात्रंदिवस राबणारे लोक आहेत. शहर तेच, पण ते बघणारा माणूस आता पाहुणा राहिला नव्हता. तो भाडं भरत होता, पाळीला जात होता. त्यामुळे शहर सुंदर की भयानक हा प्रश्न त्याला पडलाच नाही. हे शहर कोणाच्या जिवावर उभं आहे, हे त्याला विचारायचं होतं. दोन्ही लावण्या एका पाठोपाठ ऐका असं मी सांगेन. पन्नास पानांच्या नोट्स वाचून जे कळणार नाही ते अर्ध्या तासात कळेल.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. अमर शेख आपल्या शेजारचेच, बार्शीचे. पुढे मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण दिलं अश्लीलतेचं. अण्णाभाऊंनी काय केलं? तमाशातला शृंगार बाजूला ठेवला, गणात देवाऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी लढणाऱ्यांना वंदन केलं, गवळण काढून टाकली आणि या नव्या रूपाला लोकनाट्य म्हटलं गेलं. आज युवक महोत्सवाच्या फॉर्मवर 'लोकनाट्य' असा रकाना असतो ना, त्यात टिक करताना हा इतिहास आठवा. त्यांच्या लोकनाट्यांपैकी एकाचं नावच 'माझी मुंबई'. मुंबई नेमकी कोणाची, हा त्या काळातला सगळ्यात पेटलेला प्रश्न त्यांनी ढोलकीच्या तालावर मांडला.

आणि मग 'माझी मैना'. ही छक्कड ऐकली नसेल असं मराठवाड्यात घर सापडणं कठीण. मुंबईला आलेला एक माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचे दागिने, निघताना तिची झालेली अवस्था. पोटासाठी हा मुंबईत आला आणि इथे त्याला काय दिसतं, तर गर्दी, चोर, धनदांडगे, आणि या सगळ्यात हरवलेला तो एकटा. इथपर्यंत ही विरहाची लावणी आहे. मग बघता बघता सूर बदलतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गाण्यात शिरते आणि त्या माणसाच्या मैनेसारखीच बेळगाव-कारवारकडची मराठी माणसंही महाराष्ट्रापासून तुटलेली आहेत, असं तो म्हणू लागतो. एका माणसाच्या घरचं दुःख असं सगळ्या महाराष्ट्राचं होतं. मला विचाराल तर मराठीत महानगरावर लिहिलेल्या गाण्यांमध्ये याच्या जवळ जाणारं दुसरं नाही. कारण यात शहर गावाकडे पाठ करून उभं नाहीये. मुंबईचं वर्णन करताना सगळा वेळ कान गावाच्या वाटेवर आहेत.

गवळणी नेमक्या कुठे निघाल्यात?

अण्णाभाऊंनी गवळण काढली ती त्यांच्या काळाच्या गरजेने, आणि ते ठीकच होतं. पण त्या गवळणीकडे जरा नीट बघा, तिच्यात एक भारी गोष्ट लपलेली आहे.

पारंपरिक तमाशाचा क्रम तुम्हाला माहीत असेल: आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत काय होतं? राधा आणि तिच्या मैत्रिणी दूध-दही-लोणी घेऊन निघाल्यात, सोबत नाक मुरडणारी मावशी आहे. कुठे निघाल्यात? मथुरेच्या बाजाराला. म्हणजे शहराला! आणि वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात, कर मागतात. दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मग मावशीचा तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि सगळा मांडव हसून लोळतो. आपण ही गोष्ट देवाची लीला म्हणून, नाहीतर शृंगार म्हणून बघतो. पण तिचा सांगाडा कशाचा आहे? खेड्यातल्या बाया माल घेऊन शहराला चालल्यात आणि नाक्यावर त्यांना कोणीतरी अडवून पैसे मागतंय. गेली कित्येक वर्षं आपला तमाशा रोज रात्री याच प्रवेशाने सुरू होत आलाय.

आता हजारो किलोमीटर लांब जाऊ. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'ला बोएम' हा ऑपेरा १८९६ मध्ये तुरिन शहरात पहिल्यांदा झाला. पॅरिसवरचा ऑपेरा म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्याचा तिसरा अंक उघडतो तो पॅरिसच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर. पहाटेची वेळ, बर्फ पडतंय, नाक्यावरचे शिपाई शेकत बसलेत. फाटकापाशी आधी झाडूवाले येतात आणि मग येतात दूध विकणाऱ्या बाया! मागून लोणी, कोंबड्या, अंडी घेऊन खेड्यातल्या बायका. शिपाई फाटक उघडतात आणि सगळ्याजणी शहरात शिरतात. ना पुच्चिनीने तमाशा बघितला होता, ना आपल्या फडकऱ्यांनी ऑपेरा. तरी मथुरेच्या वाटेवरच्या गवळणी आणि पॅरिसच्या नाक्यावरच्या गवळणी एकमेकींना ओळखतील अशी मला खात्री आहे. शहर म्हटलं की नाका आला, आणि नाक्यावर दूधवाली आलीच.

'ला बोएम'बद्दल अजून थोडं सांगतो, कारण त्याची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल की हे तर आमच्याच रूमचं आहे. एक खोली, चार मित्र. एक कवी, एक चित्रकार, एक तत्त्वज्ञ, एक वादक. चौघेही कडके. ख्रिसमसची रात्र, कडाक्याची थंडी आणि शेगडीत टाकायला लाकूड नाही. मग कवी रोदोल्फो आपल्या नाटकाचं हस्तलिखित फाडून पेटवतो आणि मित्र शेकता शेकता त्यावर टीकाही करतात, की नाटक फारच लवकर संपलं! तेवढ्यात घरमालक भाडं मागायला येतो. त्याला दारू पाजून, गोड बोलून, शेवटी भाडं न देताच बाहेर काढतात. पुढे प्रेम, आजारपण, मरण असं सगळं आहे, पण त्या चार पोरांची खोली विसरता येत नाही. शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, जोनाथन लार्सनने हीच गोष्ट न्यूयॉर्कमध्ये आणली आणि त्या संगीत नाटकाचं नावच ठेवलं 'रेंट'. भाडं! शहरावरच्या नाटकाला याहून अचूक नाव सुचणं अवघड. दुर्दैव असं की पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच पहाटे लार्सन गेला. ते यश त्याला बघायला मिळालं नाही.

नुसत्या वाद्यांमधूनही लोकांनी शहरं उभी केलीत. जॉर्ज गर्शविन हा अमेरिकन संगीतकार पॅरिसला गेला आणि तिथून टॅक्सीचे भोंगे विकत घेऊन आला. १९२८ मध्ये त्याची 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' ही रचना न्यूयॉर्कमध्ये वाजली तेव्हा व्हायोलिन-ट्रम्पेटच्या जोडीला ते भोंगेही वाजले. याच्या चौदा वर्षं आधी व्हॉन विल्यम्सने लंडनवर सिम्फनी लिहिली, तिच्यात तिथल्या घड्याळाचे टोल ऐकू येतात. यातलं काही कळायला राग-ताल शिकायची गरज नाही. कान उघडे लागतात, बस्स.

पुण्याची भिंत

आता पुण्याकडे, कारण तुमची गाडी बहुतेक तिकडेच जाणार आहे.

१६ डिसेंबर १९७२. पुण्याचं भरत नाट्यमंदिर. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. तेंडुलकर काही खेड्यातून पुण्याला आलेले नव्हते, त्यामुळे वर सांगितलेल्या हिशोबात ते बसत नाहीत. त्यांचा घाशीराम मात्र पक्का बसतो. पोट भरायला कनौजहून पेशव्यांच्या पुण्यात आलेला हा परका माणूस. शहर त्याला काय देतं? चोरीचा आळ, मार आणि कोठडी. मग तो सूड घ्यायची शपथ घेतो, आपल्या मुलीला नाना फडणवीसांच्या पुढ्यात सारतो आणि बदल्यात शहराची कोतवाली मिळवतो. ज्या शहराने छळलं त्या शहराला तो छळतो, आणि शेवटी नानांना त्याची गरज उरत नाही तेव्हा त्याला जमावाच्या हवाली केलं जातं. घाशीराम हा इतिहासातला खरा कोतवाल होता, १७९१ मध्ये पुण्यात लोकांनी त्याला मारलं. पण तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता अशी माणसं कशी तयार करते आणि वापरून कशी फेकते, ते त्यांना दाखवायचं होतं.

आणि हे सगळं सांगितलं कशातून? कीर्तन, अभंग, लावणी, दशावतारी खेळ्यांची चाल, असल्या आपल्याच सगळ्या गोष्टींमधून. रंगमंचावर पडदा नाही, माणसांची रांग हाच पडदा. ती रांग गात-डोलत उभी राहते आणि पाठ फिरवली की भिंत होते. त्या भिंतीच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही आणि नव्या माणसाला आत शिरता येत नाही. पुण्यात पहिले सहा महिने काढलेल्या कुठल्याही मराठवाड्याच्या पोराला ही भिंत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. 'तुम्ही कुठले?' असं विचारल्यावर आणि हिंगोली सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, तीच ती.

नाटकावर गदारोळ झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. मग या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं. कॉलेजवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: जब्बार पटेल आणि नाना झालेले मोहन आगाशे, दोघेही बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. डॉक्टरकीचा अभ्यास करता करता कॉलेजच्या नाटकांमधून पुढे आलेले. जब्बार तर दौंडला दवाखाना चालवत चालवत नाटकं बसवायचे. त्यामुळे 'अभ्यासामुळे वेळ मिळत नाही' हे कारण कृपया आम्हाला देऊ नका.

याच थिएटर ॲकॅडमीने १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केलं. त्याचा प्रवास बघा. १७२८ मध्ये जॉन गे या इंग्रजाने लंडनच्या चोर-भिकाऱ्यांवर 'बेगर्स ऑपेरा' लिहिला, रस्त्यावरच्या लोकप्रिय चालींवर. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी बर्लिनमध्ये त्याचा 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांड्यांनी त्याला मराठीत आणलं, तेही तमाशाच्या बाजात. नंदू भेंडेंचा रॉक ढंगाचा आवाज, माधुरी पुरंदरे आणि चंद्रकांत काळे यांचं गाणं, ढोलकीही आणि गिटारही. लंडनच्या गल्लीतला चोर असा फिरत फिरत मराठीत आला आणि ओळखीचाच वाटला. मोठ्या शहरांचे चोर आणि भिकारी सगळीकडे सारखेच असतात बहुतेक.

मग आपलं गाणं कुठंय?

इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव दरवर्षी होतो. हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजं त्यात जीव तोडून उतरतात. लोकनाट्य, एकांकिका, पोवाडा, लावणी सगळं असतं. पण विषय? शेतकरी आत्महत्या, हुंडा, व्यसन, मोबाइलचे दुष्परिणाम. हे विषय खोटे नाहीत. पण ते बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या स्क्रिप्टमधून आलेले असतात, हे परीक्षकालाही कळतं आणि तुम्हालाही. आणि ज्या गोष्टीने तुमची रात्रीची झोप उडवलेली असते, ती रंगमंचावर दिसतच नाही.

म्हणजे कुठली? तर ही. रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, पहाटे वाघोली-खराडीला डोळे उघडायचे आणि उतरायला नेमका स्टॉप कुठला ते दोनदा विचारायचं. सदाशिव पेठेत, नवी पेठेत 'कॉट बेसिस'वर जागा घ्यायची. राव, काय शब्द आहे हा! खोली भाड्याने नाही, घर भाड्याने नाही, खाट भाड्याने. मेसचा डबा, अभ्यासिकेतला ठरलेला टेबल, टेस्ट सिरीज, दरवर्षी एकाने कमी होणारे मित्र. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा याच पेठांमधली पोरं शास्त्री रोडवर उतरली होती. रात्रीपर्यंत घोषणा चालू होत्या. त्या घोषणा होत्या, त्यांचं गाणं झालं नाही. घरी फोनवर 'सगळं बरं चाललंय' असं सांगणारी पोरगी आणि तिकडून 'सोयाबीनचं बरं झालं यंदा' असं खोटंच सांगणारा बाप, ही जोडी 'माझी मैना'च्या घरातलीच आहे. फक्त मैना आता गावावर राहिली नाही. तीही पुण्याला गेलीय, पोलीस भरतीची तयारी करतेय. तिच्या बाजूने ही छक्कड अजून कोणी लिहिलेली नाही.

मराठवाड्यातून असं काही होऊ शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी जालन्याचं उदाहरण आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं. २०१२ मध्ये ते रंगभूमीवर आलं. कल्पना, गाणी आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं आणि रंगमंचावर बरेचसे शेतीवाडी करणारे मराठवाड्यातले कलाकार. शिवाजी महाराजांचे विचार शोधत यम एका वस्तीत येतो, आणि मग पोवाड्यांचा सामना रंगतो. भाषा तुमच्या-आमच्या बोलण्यातली, जराही पॉलिश न केलेली. मुंबई-पुण्याच्या थिएटरांमध्ये हे नाटक लोकांनी तिकिटं काढून बघितलं. 'हे आमच्याकडं असं बोलत्यात' म्हणून लाजायची वेळ त्या कलाकारांवर आली नाही, उलट तेच चाललं.

आणि हिंगोलीबद्दल म्हणाल तर गाणं घेऊन घर सोडणं इथे नवीन नाहीच. नर्सी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांचं कीर्तन पंढरपुरात रंगलं, पुढे ते पंजाबात गेले आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची पदं आली. रेल्वेने जायची सोय आता झालीय एवढाच फरक. मुंबईची जनशताब्दी आधी जालन्यापर्यंतच यायची, आता 'हिंगोली डेक्कन'च्या पिवळ्या पाटीपर्यंत येते.

तेव्हा यंदा महोत्सवाची टीम बसेल तेव्हा एवढं करून बघा. पुण्याहून परत आलेल्या दोन सिनियर्सना तालमीला बोलवा, पास झालेला एक आणि न झालेला एक. त्यांना प्रश्न विचारा, उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिल्या दिवशी काय खाल्लं? खोलीमालक काय बोलला? डिपॉझिट परत मिळालं का? रूम पार्टनरशी भांडण कशावरून झालं? उत्तरं आहेत तशीच ठेवा, पुस्तकी करू नका. बतावणी तिथूनच निघते, ती लिहावी लागत नाही. मग गवळण परत आणा. राधा आणि मैत्रिणी या वेळी डोक्यावर दह्याचा माठ न घेता सॅक घेऊन निघतील. मावशी ट्रॅव्हल्समध्ये खिडकीच्या सीटसाठी भांडेल. मथुरेच्या वाटेवर पेंद्या आडवा येईल, हातात पावतीपुस्तक, आणि डिपॉझिट, ब्रोकरेज, लायब्ररी फी असं एकेक मागत जाईल. मावशी त्याला काय उत्तर देते ते तुम्हीच ठरवा, कळमनुरीची मावशी असेल तर ती ऐकून घेणार नाही. चालीसाठी दमडी खर्च करू नका, गावातल्या भजनी मंडळातल्या एखाद्या आजोबांना गवळण म्हणायला लावा. दसऱ्याला रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात फेरीवाले कसे ओरडतात तेही रेकॉर्ड करून ठेवा. गर्शविनला भोंगे घ्यायला पॅरिसला जावं लागलं होतं.

एक टीप. पावसाळी हवेत हलगी बसते, आवाज निघत नाही. वाजवण्याआधी कागद पेटवून तिला शेकावं लागतं. वर्तमानपत्र वापरू नका, त्यात हा लेख असेल. मागच्या वर्षीच्या टेस्ट सिरीजचे पेपर चालतील.